नातवासाठी जुनं वेल्श नाव: कुठला अर्थ खरा, कुठला मागाहून चिकटवलेला

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी कार्डिफला स्थायिक, जावई वेल्श, पहिला नातू येऊ घातलाय. जावयाच्या घरच्यांना डिलन, र्‍हीस, ओवेन अशी चारचौघांत ऐकू येणारी नावं नकोत. जुनं आणि सहसा कुणाचं नसलेलं नाव हवंय. आजीबाईंची अट एकच, नावाला अर्थ हवा आणि तो आपल्याला समजायला हवा. इंटरनेटवर शोधलं तर एका नावाचे तीन-तीन अर्थ, आणि उरलेल्या सगळ्या नावांचा अर्थ ‘शूर योद्धा’. यातलं खरं काय धरायचं?

जुन्या वेल्श वंशावळी आणि हस्तलिखितं वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात माझ्याकडे येतच असतो. माझं उत्तर दर वेळी तेच असतं: अर्थ विचारण्याआधी नाव कुठून आलं ते विचारा. ही सगळी नावं एका खाणीतली नाहीत. काही रोमन येण्याआधीच्या ब्रिटनच्या भाषेतली आहेत, काही रोमनांनी मागे सोडलेली, काही मुळात टोपणनावं, काही नद्यांची आणि डोंगरांची, तर काही निव्वळ गोष्टींतली. मूळ कळलं की अर्थ किती मनावर घ्यायचा तेही कळतं. याद्या करणारे हे सगळं एका पोत्यात भरतात आणि वर ‘वीर’ची चिठ्ठी लावतात.

आधी उच्चारांचं बघू, नाहीतर पुढची नावं तुम्ही इंग्रजी वळणाने वाचाल. वेल्शमध्ये एकटा ‘एफ’ म्हणजे व, दोन ‘एफ’ म्हणजे फ. दोन ‘डी’ म्हणजे जीभ दातांना हलकी लावून काढलेला मऊ द. ‘सी’ नेहमी क, कधीही स नाही. ‘डब्ल्यू’ पुष्कळदा ऊ असतो आणि ‘यू’ हा ई. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. दोन ‘एल’ बघून इंग्रजांची गाळण उडते, पण तुम्ही कोल्हापूर म्हणू शकता ना? त्यातला ल्ह घ्या आणि घशातला आवाज बंद करून नुसत्या श्वासावर काढा. तसंच र्‍ह. मराठी माणसाला ही दोन अक्षरं इंग्रजांपेक्षा लवकर जमतात, हे मी पाहिलेलं आहे.

सगळ्यात जुना थर जोडनावांचा. सरदार-राजांच्या घराण्यांत शब्दांचा एक ठरावीक साठा असे: लढाई, शिकारी कुत्रा, राजा, धनी, लोक, अस्वल, समुद्र. त्यातले दोन शब्द जोडले की नाव तयार. दोन्ही शब्द मिळून सरळ वाक्यार्थ निघालाच पाहिजे अशी कुणाची अपेक्षा नव्हती. बापाच्या नावातला एक तुकडा आणि आजोबाच्या नावातला एक, असंही चाले.

पेम्ब्रोकशायरमधल्या नेवर्न गावच्या चर्चमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. तिथे खिडकीच्या तळाशी एक जुना दगड बसवलेला आहे. त्यावर लॅटिन अक्षरांत ‘माग्लोकुनी फिली क्लुतोरी’ असं कोरलंय, म्हणजे ‘क्लुतोरीचा मुलगा माग्लोकुनुस याचा’. दगडाच्या कडेला तोच मजकूर आयरिश ओघम लिपीत, आडव्या-तिरप्या रेघांनी. या माग्लोकुनुसचं पुढे माइल्गुन झालं. ‘माग्लो’ म्हणजे सरदार, ‘कुनो’ म्हणजे शिकारी कुत्रा. गंमत अशी की हेच दोन तुकडे उलटे जोडून दुसरं नाव झालं, ‘कुनोमाग्लोस’, आणि त्याचं आजचं रूप कनवाइल. एकाचा अर्थ ‘सरदार-कुत्रा’ आणि दुसऱ्याचा ‘कुत्रा-सरदार’ असं भाषांतर करत बसण्यात काही मतलब नाही. दोन मानाचे शब्द आहेत, एवढंच घ्यायचं.

नातवाच्या नावात कुत्रा म्हटल्यावर आजीबाई कपाळाला हात लावणार, हे मला माहीत आहे. पण जुन्या केल्टिक जगात शिकारी कुत्रा ही शिवी नव्हती. तो धन्यासाठी जीव देणारा, लढवय्या. खंडोबाचे वाघ्या स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात त्यातला भाव आठवा. शिवाय हा ‘कुनो’ आपल्या घरचाच आहे. संस्कृत ‘श्वन्’ आणि हा शब्द एकाच आदिम मुळातून फुटलेत. तसंच ‘रिक्स’ आणि आपला ‘राजन्’, ‘विरोस’ (आजचं वेल्श गूर, माणूस) आणि आपला ‘वीर’, ‘गेनोस’ आणि आपला ‘जन्’ धातू. या भाषा एका कुळातल्या असाव्यात हे २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या भाषणात मांडणारे सर विल्यम जोन्स वेल्श बापाचेच चिरंजीव होते. बाप अँगलसी बेटावरचा गणिती. वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह त्याने १७०६मध्ये पहिल्यांदा वापरलं.

तर या साठ्यातून कितीतरी नावं निघाली आणि त्यातली बरीच आज दुर्मिळ आहेत. तिदिर हे मूळचं ‘तोउतोरिक्स’, लोकांचा राजा. इंग्रजी वळणाचं ट्यूडर ते हेच. थिओडोरशी त्याचा संबंध नाही, पण याद्यांमध्ये जोडलेला सापडतो. इरियेनचं जुनं रूप ‘उर्बगेन’, उच्च कुळात जन्मलेला. मोर्येन, समुद्रातून जन्मलेला. आणि माझं विशेष आवडतं, सिल्येन. त्यात पहिला तुकडा सूर्याचा, दुसरा जन्माचा. अकराव्या शतकात सेंट डेव्हिड्सला या नावाचे बिशप होते, विद्वान घराणं. त्यांच्या मुलाने संत देवी, म्हणजे सेंट डेव्हिड, यांचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं. आज वेल्समध्येसुद्धा सिल्येन नावाचा मुलगा क्वचितच भेटतो.

‘काद’ म्हणजे लढाई. त्यावरून काद्वान, कादवालादर, कादुगान, कादेल्ह, काद्वाइल. शेवटचं नाव ब्रदर कॅडफेलच्या कादंबऱ्यांमुळे इंग्रजी वाचकांना ठाऊक झालं, पण ते ‘कॅडफेल’ वाचतात. एकटा ‘एफ’ म्हणजे व हे वर सांगितलंच. काद्वान हे नाव कसं झिजत आलं ते अँगलसीतल्या ल्हानगादवालादर गावच्या चर्चच्या भिंतीत दिसतं. तिथल्या दगडावर ‘कातामानुस रेक्स’ असं कोरलंय आणि पुढे तो ‘सगळ्या राजांत शहाणा, सगळ्या राजांत नामवंत’ असल्याचं प्रशस्तिपत्र. हा ग्विनेथचा राजा काद्वान, सातव्या शतकाच्या सुरुवातीचा. कातामानुसमधला त मऊ होऊन द झाला, म चा व झाला, शेवटचा ‘उस’ गळून पडला आणि उरलं काद्वान. गावाला नाव पडलं ते त्याच्या नातवाचं, कादवालादरचं. वेल्श नाव दगडावर एक दिसतं, हस्तलिखितात दुसरं आणि जन्मदाखल्यावर तिसरं, त्याचं कारण ही झीज.

दगडांवरही आंधळा विश्वास ठेवू नये. ल्हानगॉल्हेनजवळ, वाले क्रूसिस मठापाशी, एक तुटका स्तंभ आहे. पोविसचा राजा कन्गेन याने नवव्या शतकात आपल्या पणजोबाच्या आठवणीसाठी उभारलेला. अक्षरं आता वाचता येत नाहीत; एडवर्ड ल्हीद या अभ्यासकाने १६९६मध्ये उतरवून घेतलेली नक्कल आहे म्हणून मजकूर कळतो. त्यात वंशावळ आहे: कादेल्हचा मुलगा कन्गेन, ब्रोख्वाइलचा मुलगा कादेल्ह, एलिसेगचा मुलगा ब्रोख्वाइल. पण जुन्या हस्तलिखित वंशावळींत पणजोबाचं नाव एलिसेद आहे, शेवटी द. म्हणजे कोरणाऱ्याचा हात चुकला किंवा नक्कल करताना डोळा चुकला. स्तंभ मात्र आजही ‘एलिसेगचा स्तंभ’ म्हणूनच नकाशावर आहे, आणि नावांच्या याद्यांमध्ये ‘एलिसेग’ हे स्वतंत्र दुर्मिळ नाव म्हणून मिरवतं. त्याच वंशावळीतलं ब्रोख्वाइल मात्र अस्सल आहे. ‘ब्रोख’ म्हणजे बिज्जू आणि मागे तोच सरदार. याच घराण्यात सहाव्या शतकात एक ब्रोख्वाइल होऊन गेला, त्याला लोक ‘सुळेवाला’ म्हणत. नातवाला द्या म्हणणार नाही, पण नाव खणखणीत आहे.

दुसरा थर रोमनांचा. चारशे वर्षं राज्य केल्यावर ते गेले, नावं राहिली, आणि वेल्श तोंडात इतकी घोळली की ओळखू येईनात. पातेर्नुसचं पादार्न, दोनातुसचं दिनॉद, होनोरिउसचं अनिर, ताकितुसचं तेगिद, जुस्तिनुसचं येस्तिन, एतेर्नुसचं एदेर्न. यांचे अर्थ स्वच्छ आहेत, कारण लॅटिन शब्द माहीत आहेत: पित्याकडचा, दिलेला, सन्मानाचा, मौनी, न्यायी, शाश्वत. अर्थाची खात्री हवी असेल तर या थरात शोधा, असा माझा सल्ला. यातलंच एम्रिस. मूळ लॅटिन आम्ब्रोसिउस, त्यामागे ग्रीक ‘अँब्रोसिओस’, अमर. हा ग्रीक शब्द आणि आपला ‘अमृत’ सख्खे चुलत. मराठी आजीला समजावून सांगायला यापेक्षा सोपं नाव नाही. अडचण एवढीच की एम्रिस आता तितकंसं दुर्मिळ राहिलेलं नाही. माक्सेनचंही तेच. इ. स. ३८३मध्ये ब्रिटनमधलं सैन्य घेऊन रोमची गादी बळकवायला निघालेला आणि ३८८मध्ये मारला गेलेला माग्नुस माक्सिमुस हा तो माक्सेन. वेल्श लोकांनी त्याला आपल्या राजवंशांचा मूळपुरुष करून टाकलं.

आता चिकटवलेल्या अर्थांकडे. ही परंपरा फार जुनी आहे. सहाव्या शतकात गिल्दास नावाच्या संन्याशाने आपल्या काळच्या पाच राजांना लॅटिनमध्ये शिव्यांची लाखोली वाहिली. त्यात एकाचं नाव कुनेग्लासुस, आजचं कनलास. ‘ग्लास’ म्हणजे निळा-करडा, म्हणजे करड्या कुत्र्याचं नाव. गिल्दास मात्र म्हणतो की याचा रोमन भाषेत अर्थ ‘पिंगट खाटीक’! राग काढायचा होता, काढला. पण दीड हजार वर्षांपूर्वीही नावाचा अर्थ सांगणारा माणूस आपल्या सोयीचा अर्थ सांगत होता, एवढं लक्षात असू द्या.

ल्हवेलिनचा अर्थ सगळीकडे ‘सिंहासारखा’ लिहिलेला सापडेल, कारण ‘ल्हेउ’ म्हणजे सिंह. पण नावाचं जुनं रूप लुगुस आणि बेलिनोस या दोन देवतांच्या नावांकडे जातं. सिंह नंतर आला, आणि त्याच्यासाठी काही लोकांनी स्पेलिंगसुद्धा बदललं. एइनियॉनचा अर्थ ‘ऐरण’ देतात. आजच्या वेल्शमध्ये ऐरणीला तोच शब्द आहे हे खरं, पण माणसाचं नाव लॅटिन एन्नियानुसवरून आलेलं मानतात. ऐरणीवर घण पडताना ऐकायला छान वाटतं म्हणून अर्थ बदलत नाही.

सगळ्यात मोठा घोळ मर्दिनचा, म्हणजे मर्लिन जादूगाराचा. कार्मार्दनला रोमनांचं ठाणं होतं, मोरिदुनुम, समुद्राजवळचा किल्ला. वेल्शमध्ये त्याचं मर्दिन झालं. त्याला पुन्हा ‘काइर’ म्हणजे किल्ला जोडला, काइरवर्दिन. पुढच्या पिढ्यांना मूळ अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटलं ‘मर्दिनचा किल्ला’, मग मर्दिन नावाचा कुणी तरी असणारच. गावाच्या नावातून माणूस जन्माला आला. बाराव्या शतकात मॉनमथच्या जेफ्रीने लॅटिनमध्ये लिहिताना त्याचं मेर्लिनुस केलं. द चा ल का केला? सरळ मेर्दिनुस लिहिलं असतं तर फ्रेंच वाचकाला त्यात विष्ठेचा शब्द ऐकू आला असता, असं सांगतात.

गोष्टींतली नावं हा वेगळाच प्रांत. ‘मबिनोगी’ म्हणून ज्या चार मध्ययुगीन कथा आहेत त्यांत मुलाचं नाव ठेवणं हीच अनेकदा कथेची कळ असते. र्‍हियानॉनचं बाळ रात्रीत नाहीसं होतं, तिच्यावर ते मारल्याचा आळ येतो. दुसऱ्या घरी ते वाढतं, तिथे त्याला सोनेरी केसांवरून ग्वरी म्हणतात. मूल परत मिळतं तेव्हा आई म्हणते, हे खरं असेल तर माझी काळजी मिटली. ‘काळजी’ म्हणजे प्रदेर. तेच नाव ठरतं: प्रदेरी. बापाचं नाव पुइल्ह, म्हणजे शहाणपण. तेव्हा प्रदेरीचा अर्थ यादीत ‘काळजी’ असा कोरडा दिला की लोक नाक मुरडतात, आणि गोष्ट सांगितली की डोळे पुसतात.

दुसऱ्या कथेत आरियानरॉद आपल्या मुलाला शाप देते की मी नाव ठेवल्याशिवाय याला नाव मिळणार नाही. मामा ग्विदियॉन चांभाराचं सोंग घेऊन मुलासकट तिच्या किनाऱ्याला होडी लावतो. ती जोड्याचं माप द्यायला येते, तेवढ्यात होडीवर रेन नावाचा एक चिमुकला पक्षी बसतो आणि पोरगा नेम धरून त्याला टिपतो. ती बोलून जाते, गोऱ्या पोराचा हात मोठा तरबेज आहे. झालं, नाव पडलं: ल्हेय ल्हाउ गफेस. यातलं ल्हेय हे एकटं नाव सुंदर आहे. मात्र वेल्सबाहेर जन्मभर स्पेलिंग सांगत बसावं लागेल.

हेइलिन हे याच कथांतलं, फार कुणाच्या नजरेत न आलेलं नाव. अर्थ पेय वाढणारा, राजाच्या पंगतीत प्याले भरणारा. आयर्लंडच्या लढाईतून वाचलेले सात जण एका बेटावर ऐंशी वर्षं दुःख विसरून राहतात. अट एवढीच की कॉर्नवॉलच्या दिशेचं दार उघडायचं नाही. ते दार उघडतो तो हेइलिन. म्हणतो, खरं काय ते बघतोच, आणि सगळ्यांची सगळी दुःखं त्याच क्षणी परत येतात. या माणसाबद्दल मला आदर आहे.

कुलहुख या राजपुत्राच्या जुन्या वेल्श गोष्टीतल्या नावांपासून मात्र सांभाळा. त्यात आर्थर राजाच्या दरबारातल्या दोनशेहून जास्त लोकांची यादी येते, आणि कथाकार सरळ टिंगल करतोय. ‘नजर, पाहणाऱ्याचा मुलगा’ म्हणून एक आहे. स्कॉटलंडमध्ये सकाळी चिलट उडालं तर त्याला कॉर्नवॉलमधून दिसतं. ‘कान, ऐकणाऱ्याचा मुलगा’ जमिनीत सात पुरुष खोल पुरला तरी पन्नास मैलांवरची मुंगी अंथरुणातून उठलेली त्याला ऐकू येते. द्रेम आणि क्लिस्त ही त्यांची नावं दुर्मिळ वेल्श नावांच्या याद्यांत गंभीर चेहऱ्याने छापलेली मी पाहिली आहेत. खुद्द कुलहुखच्या नावात ‘हुख’ म्हणजे डुकरीण आहे, आणि डुकरांच्या वाटेवर जन्मला म्हणून ते नाव, असं गोष्टच सांगते.

दुर्मिळ नाव शोधायला माझी आवडती जागा म्हणजे वेल्सचा साधा नकाशा. गावांच्या नावात सुरुवातीला ‘ल्हान’ दिसलं की तिथे चर्चचं आवार, आणि पुढे बहुधा एका स्थानिक संताचं नाव. फक्त संताचं पहिलं अक्षर मऊ झालेलं असतं: त चा द, प चा ब, क चा ग. ते परत कडक केलं की नाव हाती लागतं. इंग्रज ज्याला लँडडनो म्हणतात त्यात तिदनो आहे. ल्हानबेरिसमध्ये पेरिस, ल्हानदेइलोमध्ये तेइलो, ल्हानबादार्नमध्ये वरचाच पादार्न, ल्हानगॉल्हेनमध्ये कॉल्हेन. ल्हानदेर्वेलमध्ये देर्वेल, ज्याची लाकडी मूर्ती १५३८मध्ये लंडनला नेऊन जॉन फॉरेस्ट नावाच्या संन्याशाला जाळायला सरपण म्हणून वापरली. ही मूर्ती एक दिवस जंगल पेटवील असं भाकीत होतं म्हणे, आणि ‘फॉरेस्ट’ म्हणजे जंगल. मूर्तीजवळचा लाकडी प्राणी अजून गावच्या चर्चमध्ये आहे. जावयाचं मूळ गाव कुठलं ते विचारा. त्या पंचक्रोशीतला संत सापडला तर नावाला पत्ताही मिळेल.

दुसरी जागा म्हणजे आडनाव. वेल्श लोकांना आडनावं नव्हतीच, बापाचं नाव लावत: ‘आप’ म्हणजे अमक्याचा मुलगा, स्वरापूर्वी ‘आब’. सोळाव्या शतकात इंग्रजी कायदा आला, कारकुनांना ती लांबलचक साखळी झेपेना, आणि ‘आप’मधलं शेवटचं अक्षर पुढच्या नावाला चिकटलं. आप र्‍हीसचं प्राइस, आप हवेलचं पॉवेल, आब ओवाइनचं बोवेन, आब एइनियॉनचं बेनन, आब इथेलचं बेथेल, आप र्‍हदेर्खचं प्रॉदरो. ग्रोनो या आडनावात गोरोन्वी लपलाय, कडोगनमध्ये कादुगान, मेरिकमध्ये मेइरिग. राजघराण्याचं ट्यूडर हे नावही असंच योगायोगाचं: मूळपुरुष ओवाइन हा मारेदिदचा मुलगा आणि तिदिरचा नातू. बापाचं नाव चिकटलं असतं तर आठवा हेन्री हा हेन्री मेरेडिथ झाला असता. तेव्हा जावयाचं आडनाव एकदा उलगडून बघा. हवं असलेलं नाव घरातच असण्याची शक्यता बरीच आहे.

टोपणनावांचा थर लहान. गेथिन म्हणजे सावळा. आधी नावापुढची खूण, मग स्वतंत्र नाव. सावळ्या नातवाला बरं शोभेल, पण शाळेत कुणी अर्थ विचारला तर काय, हे आईबापांनी ठरवावं.

दुर्मिळपणाची हमी कुणी देऊ शकत नाही, हेही सांगून ठेवतो. १९१४मध्ये स्वान्सीच्या एका शिक्षकाने मुलाचं नाव मबिनोगीतून काढून डिलन ठेवलं तेव्हा ते जवळपास कुणाचंच नव्हतं. तो कवी डिलन थॉमस झाला, पुढे अमेरिकेतल्या एका गायकाने तेच आडनाव म्हणून घेतलं, आणि आज तुम्हाला ते ‘नेहमीचं’ म्हणून नको आहे. वेल्शमध्ये त्याचा उच्चार खरं तर ‘दलन’च्या जवळ जातो, कवी स्वतः ‘डिलन’च म्हणवून घेई.

आता निवड. मराठी कानाचा विचार करायचा तर ‘काय’ हे नाव बाद. आर्थरचा सरदार, स्पेलिंग तीन अक्षरांचं, उच्चार अगदी आपला प्रश्नार्थक ‘काय’. आजीने हाक मारली की घरातले सगळे ‘काय’ म्हणणार. ग्वरगी बाद, अर्थ ‘माणूस-कुत्रा’. इथे वाघ्याचा दाखलाही कामी येणार नाही. इद्रिस हे अस्सल वेल्श नाव आहे, ‘धनी’ आणि ‘आवेशी’ हे त्याचे दोन तुकडे, आणि ८९३ मीटरचा कादेर इद्रिस डोंगर त्याच नावाच्या राक्षसाची बैठक मानतात. इस्लाममधल्या इद्रिसशी त्याचं नातं नाही, निव्वळ योगायोग. भारतात मात्र लोक ते मुस्लिम नाव समजतील. यात वाईट काही नाही, पण माहीत असावं.

माझी पसंती विचाराल तर पहिलं इथेल. ‘इद’ म्हणजे धनी, ‘हाइल’ म्हणजे उदार; दोन्ही तुकड्यांचा अर्थ पक्का, उच्चार मराठीला सोपा, आणि आजकाल क्वचित ऐकू येणारं. दुसरं सिल्येन, सूर्यामुळे. तिसरं एदेर्न, शाश्वत. त्याच्या नावाचं एक गावही ल्हीन द्वीपकल्पात आहे. प्राणी चालत असेल तर ब्लेदिन, लहानगा लांडगा. अकराव्या शतकातल्या चांगल्या राजाचं नाव. एक खबरदारी: ‘विन’ने संपणारं नाव मुलाचं, ‘वेन’ने संपणारं मुलीचं (ओवेन सोडून). हेदविन, बेरविन मुलगे. ब्रॉनवेन, ओल्वेन मुली. अमेरिकन याद्यांत याची सरमिसळ असते, आणि वेल्श सासरच्या मंडळींना ती लगेच खटकेल.

शेवटचं कामाचं. वेल्समध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते, आणि माहिती देणाऱ्याला व निबंधकाला दोघांनाही वेल्श येत असेल तर दाखला दोन्ही भाषांत होतो. जुन्या पद्धतीने बापाचं नाव लावणारी घरं आता पुन्हा दिसतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतंच, त्यामुळे मुलीला ते परकं वाटणार नाही. फक्त जावयाचं नाव व्यंजनाने सुरू होत असेल तर ‘आप’ आणि स्वराने होत असेल तर ‘आब’ लिहायचं, आणि ते मधल्या नावाच्या रकान्यात टाकायचं की आडनावाच्या, हे कचेरीत जाण्याआधी दोघांनी ठरवून घ्यावं.